वैशाखातला चिखल

मी आयुष्यात फारशा वस्तू विकत घेतलेल्या नाहीत. भाव विचारून, वस्तू न घेता दुकानातून बाहेर पडायला जी हिंमत लागते ती माझ्यात नाही, म्हणून मी भावच विचारत नाही. घरातल्या छत्रीपासून चुलीच्या फुंकणीपर्यंत सगळी खरेदी आमच्या इंदूबाईंनी केलेली आहे. अशा माणसावर जुनी जीप पारखून घ्यायची पाळी का यावी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. खुशालरावांना विचारलं तर ते एका वाक्यात सांगतात, "मास्तर, अख्ख्या समितीत मोटरीचं पुस्तक वाचलेले तुमी एकलेच!"

हेही खरं नाही. ते पुस्तक मी वाचलं नव्हतं. मी त्याला पुठ्ठा घातला होता आणि पाठीवर नंबर चिकटवला होता. पण हे सांगायला भर सभेत उभं राहावं लागलं असतं, आणि मी तर सभेत पाणी मागायलाही उभा राहत नाही.

साल अठ्ठावन्न. शाळेतून निवृत्त होऊन मी अमरावतीच्या आमच्या लोकहित वाचनालयाचा मानद ग्रंथपाल झालो होतो. खुशालराव कापसाचे अडते, वाचनालयाचे अध्यक्ष आणि माझे भिंतीला भिंत शेजारी. दर्यापूर तालुक्यातल्या काही गावांना आम्ही पेटीतून पुस्तकं पाठवत असू. उन्हाळ्यात पेटी बैलगाडीनं जाई. पण एकदा पाऊस पडला की तिकडची काळी माती रस्ता म्हणून राहायचं सोडून देते. गाडी आसापर्यंत रुतते, माणूस गुडघ्यापर्यंत, आणि पेटी चार महिने आमच्या व्हरांड्यात.

यातलं शेवटचं गाव कळमखेड. तिथल्या शाळेवर धर्मपाल नावाचे तरुण शिक्षक होते. त्यांनी बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालवला होता. अकरा बायका दिवेलागणीच्या आधी तासभर येऊन बसत. त्यातल्या पंचफुलाबाई एकदा दर्यापूरच्या बाजारात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "मास्तर, मागल्या पावसायात पुस्तकच आलं नाई. चार महिन्यांत अर्धी अक्षरं पयून गेली. आता धरून आनली हायेत, पन औंदा पुन्हा पयाली तं मी काही मांगं धावनार नाई."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून सरकारनं फिरत्या वाचनालयांना गाडीसाठी अनुदान जाहीर केलं तेव्हा अर्ज मीच मागवला. एवढं धाडस केल्याचं नंतर दोन दिवस मलाच आश्चर्य वाटत होतं.

गाडीही लगेच कळली. अकोल्याला बशीरमिया नावाच्या मिस्त्रींनी लष्कराच्या लिलावातून एक जीप घेऊन दुरुस्त केली होती. चारही चाकांना जोर देणारी. साध्या मोटरीची मागची चाकं ढकलतात आणि पुढची नुसती सोबत करतात. हिच्यात एक जादा दांडा ओढला की पुढचीही चाकं कामाला लागतात. हे मला पुस्तकाच्या पहिल्या पानावरून कळलं होतं. पुढच्या पानांवर माझी गती नव्हती.

तरी पुस्तक काखोटीला मारून मी अकोल्याला गेलो. बशीरमिया पन्नाशीचे, शांत, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी मला जीपसमोर उभं केलं आणि म्हणाले, "पाहा मास्तर, जे पाहाचं ते पाहा. मी बोलनार नाई." हे फारच वाईट झालं. ते बोलले असते तर मला मान हलवता आली असती. आता काहीतरी पाहणं भाग होतं. मी समोरून पाहिलं. मागून पाहिलं. मग अगदीच काही सुचेना तेव्हा जीपखाली शिरलो आणि पुस्तक उघडलं.

आत गेल्यावर लक्षात आलं की आपण यंत्राच्या ज्या पेटीखाली पडलो आहोत तिचं नाव आपल्याला माहीत नाही, त्यामुळे कुठलं पान काढावं हेही माहीत नाही. मी पाण्याच्या टाकीवरचं प्रकरण मनापासून वाचलं. मध्ये कपाळावर एक थेंब पडला. निघताना इंदूबाईंनी डोक्यावर भरपूर तेल थापलं होतं, तेच ओघळलं असावं म्हणून मी तो पुसला आणि वाचत राहिलो. अर्ध्या तासानं बशीरमिया वाकून म्हणाले, "मास्तर, सतरा वर्सं झाली हा धंदा करून राहिलो. गाडीखाली झोपनारे लय पाहिले, वाचत झोपनारे तुमीच."

"उत्तम आहे," मी खालूनच म्हणालो. पुस्तकाबद्दल की जीपबद्दल, ते स्पष्ट केलं नाही.

इथंच सगळं संपायचं. पण अर्जासोबत पाहणीचा एक छापील तक्ता होता. तो मुळात शेतीच्या ट्रॅक्टरसाठी छापलेला असावा, कारण 'नांगर' या शब्दावर चिठ्ठी चिकटवून त्यावर 'ग्रंथ' लिहिलेलं होतं. त्यामुळे रकाना नऊमध्ये 'ग्रंथ जमिनीत किती खोल जातो?' असा प्रश्न तयार झाला होता. तिथं मी रेघ ओढली. पण रकाना सतरा सरळ होता: 'वाहन पाहणी करणाराने स्वतः बसून प्रत्यक्ष चिखलात चालवून पाहिले काय? होय / नाही.' अर्ज एकतीस मेपर्यंत पोचायला हवा. आणि त्या दिवशी तारीख होती तेरा मे.

"अहो, होय लिहा नं बाप्पा!" खुशालराव भिंतीवरून म्हणाले. "तिकडं कोन चिखल मोजाले बसला हाये?"

"पण पाहिलेलं नाही."

"मोटर पाहिली ना? चिखल पाहिला ना आयुष्यात? दोन्ही मिळून होय."

हे तर्कशास्त्र मला मोडून काढता आलं नाही, पण सहीही करता आली नाही. मी काही फार सत्यवादी माणूस आहे असं नाही. मला फक्त पकडले जाण्याची भीती वाटते, आणि ती इतक्या लहानपणापासून वाटते की तिचं वळण आता प्रामाणिकपणासारखं दिसतं. इंदूबाई आतून म्हणाल्या, "ते सही करनार नाईत, खुशालरावजी. तुमी चिखल शोधा." एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा सर्वांत मोठा गौरवोद्गार होता, म्हणून मी तो लिहून ठेवला आहे.

आता वैशाखात वऱ्हाडात चिखल शोधणं म्हणजे काय, ते ज्यांनी इथला वैशाख पाहिला आहे त्यांनाच कळेल. गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. एकजण म्हणाले, अंबानाल्यात उतरा. मी उतरून पाहिलं. तिथं चिखल होता, पण तो कशाचा होता ते मी लिहीत नाही. डाव्या पायातली चप्पल तिथंच ठेवून आलो. दुसऱ्यांनी वीटभट्टीवर पाठवलं. तिथल्या मालकाला "थोडा चिखल पाहायचा आहे" असं सांगितल्यावर त्यानं मला नीट न्याहाळलं, सावलीत बसवलं, ताक दिलं आणि घरचं कोणी न्यायला येणार आहे काय ते विचारलं. बशीरमियांना पत्र टाकलं, तर त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: 'अकोल्यात सध्या तोंड धुवायला पाणी नाही, चिखल ईदनंतर पाहू.'

शेवटी धर्मपाल काही कामानं अमरावतीला आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या गावी करू ना चिखल. विहिरीत पाणी आहे."

"प्यायचं पाणी चिखलाला?"

"प्यायचं कुठलं! आमचं पाणी खारं. माणूस पीत नाही, बैल तोंड लावत नाही. चिखलाशिवाय ते कोणाच्या कामाचं नाही. आणि आमचे बुधाजी आहेत. गाऱ्याच्या कामात त्यांचा हात दर्यापूरपर्यंत कोणी धरत नाही."

मला हे इतकं पटलं की मी तिथल्या तिथं दिवस ठरवून टाकला: चोवीस मे.

त्या दिवशी खुशालराव आणि मी दर्यापूरला बसमधून उतरलो. बशीरमिया जीप घेऊन आधीच येऊन थांबले होते. खुशालराव पुढं बसले, कारण ते अध्यक्ष. मी मागं, पुस्तकासह. कळमखेडच्या वेशीवर धर्मपाल उभे होते. त्यांचा चेहरा पाहूनच काहीतरी बिनसलं आहे हे मला कळलं. पाहणीच्या बाबतीत मी कच्चा असलो तरी पडलेला चेहरा मी लांबून ओळखतो. तो आरशात रोज पाहतो.

"गुरुजी, चिखल झाला होता," ते म्हणाले. "फार सुंदर झाला होता."

"मग?"

"गेला."

झालं होतं असं. बुधाजी साठीचे, गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांना कोणी चिखल करायला सांगितलं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं एकच अर्थ. शेतातल्या काळ्या मातीचा चिखल त्यांनी मुळातच बाद केला. वैशाखात तिच्या भेगा अशा असतात की घागरभर पाणी ओतावं तर ते थेट पाताळात जातं. म्हणून त्यांनी गावठाणातली पांढरी माती आणली, चाळली, त्यात कुटार म्हणजे भुसा मिसळला, खारं पाणी घातलं आणि दोन दिवस पायानं तुडवून भिंतीचा गारा तयार केला. असा की बोटानं उचलला तर बोटाचा ठसा राहावा. आणि रोहिणी नक्षत्र उद्यावर आलेलं, गावातलं प्रत्येक घर डागडुजीला आलेलं, अशा वेळी चावडीसमोर हा तयार गारा उघड्यावर पडलेला. सकाळी एका बाईनं एक घमेलं नेलं. मग दुसरीनं. आम्ही पोचलो तेव्हा खड्ड्याच्या तळाशी नुसता ओलावा राहिला होता, आणि त्यात एक कुत्रं सुखानं झोपलं होतं.

"बुधाजी, तुम्ही अडवलं नाही?" मी शक्य तितक्या रागानं विचारलं. माझ्या रागाला लोक बहुधा तब्येतीची चौकशी समजतात.

"काहून अडवू?" बुधाजी म्हणाले. "लोन्यावानी गारा. त्यात मोटर घालाची? भाकर करून तिच्यावर चालल्यावानी झालं ते! बायकाइनं नेला, चांगल्या कामाले नेला."

तेवढ्यात पंचफुलाबाई आल्या. हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांचं घर समोरच. अर्धी भिंत ओली, नुकती लिंपलेली. "मास्तर! पुस्तकं आनली काय?"

धर्मपालांनी त्यांना सांगितलं: हा चिखल पुस्तकांच्या गाडीचा होता. यात गाडी चालली नाही तर कागद भरता येत नाही. कागद नाही तर गाडी नाही. गाडी नाही तर पावसाळ्यात पुस्तकं नाहीत.

पंचफुलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तरातरा घरी गेल्या, आणि लिंपलेल्या भिंतीवरून दोन्ही हातांनी गारा ओरपून घमेल्यात टाकू लागल्या.

"अहो, नको, नको!" मी धावलो. मी धावलो हे खुशालराव अजून सांगतात. "भिंत कशाला खरवडता?"

"मंग? भितीले पाऊस लागला तं भीत पुन्हा लिपता येते. अक्षरं गेली तं कोन आनून देते?"

मी नुसता त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा राहिलो आणि माझ्या सदऱ्याला गारा लागला. शेवटी वाट काढली बुधाजींनी. "भिती नका मोडू वं बाया. ज्याच्या त्याच्या घरी जो लावाचा राहिला हाये तो उसना द्या. घरोघरी एक घमेलं. मोटर गेली का आपला आपला परत घ्या."

उसनं म्हटल्याबरोबर गाव हललं. उसनं पीठ, उसनं मीठ, उसनी विरजणाची कवडी; गाव सारं उसनवारीवर चालतं, मग चिखलानं काय घोडं मारलं? घमेली आली. पण बायका हुशार. प्रत्येकीनं आपला गारा ओतला तिथं आपली खूण रोवली. कोणाची काडी, कोणाची तुटकी बांगडी, गोदाबाईंनी तर आपली वहाणच ठेवली, ती बुधाजींनी काढायला लावली. पाच हात लांबीचा पट्टा तयार झाला.

जीप सात हात. इथं माझ्या डोक्यात शंका आली. पुढची चाकं बाहेर पडतील तेव्हा मागची जेमतेम आत शिरतील; मग वाहन चिखलात चाललं असं म्हणता येईल काय? मी जमिनीवर बसून चाकांमधलं अंतर हातानं मोजलं. साडेचार हात. म्हणजे एक क्षण असा येणार होता की चारही चाकं एकाच वेळी चिखलात असतील. तो क्षण पाहणं हे पाहणी करणाराचं कर्तव्य होतं.

मी पुढं बसलो. बशीरमियांनी गाडी पट्ट्यात घातली. पुढची चाकं शिरली, मागची शिरली, आणि मी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ओरडलो, "थांबा!"

बशीरमिया दचकून थांबले. चिखलात कधी थांबू नये, हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे असं मला नंतर कळलं. जीप हळूहळू खाली बसली. मी बाहेर वाकून चारही चाकं एकेक करून पाहिली, तक्त्यावर वेळ लिहिली. गावानंही पाहिली. मग बशीरमियांनी तो जादा दांडा ओढला. जीपनं एक हुंकार दिला, पुढची चाकं खरोखर कामाला लागली आणि गाडी म्हैस तळ्यातून उठावी तशी उठून बाहेर आली. टाळ्या पडल्या. खुशालराव म्हणाले, "झालं ना? लिहा होय!"

मी पेन काढलं, आणि मागून आवाज आला, "माया गाऱ्यात तेल कुठून आलं?"

पंचफुलाबाई आपल्या खुणेपाशी वाकल्या होत्या. गोदाबाई म्हणाल्या, "मायाही काया झाला!" बुधाजींनी बोट लावून वास घेतला. "मोटरचं हाये."

जीप जिथं थांबली होती, तिथं पांढऱ्या गाऱ्यावर बशीएवढा काळा डाग होता. मी नकळत कपाळाला हात लावला. अकोल्यात जो थेंब मी खोबरेल म्हणून पुसला होता, तो यंत्राचा होता. पुस्तक घेऊन अर्धा तास मी ज्याच्याखाली पडलो होतो, ते या बायकांनी उभ्यानं ओळखलं.

बशीरमिया लगेच जीपखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "गिअरच्या पेटीचं सील गेलं. अल्ला की कसम, मले ठाऊक नव्हतं."

खुशालरावांचे डोळे चमकले. अडत्याच्या पोटातलं मला कळतं. आता भाव पडणार होता. ते मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बोला मास्तर, आता बोला!" आणि सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. घ्यायची की नाही, ते मीच सांगायचं होतं. पुस्तकात पाहायची इच्छा झाली, पण ते मघाशी वाकताना चिखलात पडलं होतं.

मला जे एकच सुचलं ते मी विचारलं. "बशीरमिया, ही गाडी तुम्ही स्वतः घेतली असती काय?"

ते बराच वेळ हात पुसत राहिले. हात काही स्वच्छ झाले नाहीत. मग म्हणाले, "आज नसती घेतली, मास्तर. आठ दिवसांनी घेतली असती. सील नवं टाकतो, सारी पेटी खोलून पाहातो. मंग घेतली असती."

"मग आठ दिवसांनी आम्ही घेऊ," मी म्हणालो. वाक्य मध्येच सुटलं नाही, पूर्ण झालं.

खुशालरावांनी कपाळावर हात मारला. तिकडं उसन्या गाऱ्यावरून भांडण पेटलं होतं, आणि बुधाजी सांगत होते की तेलाच्या गाऱ्याला वाळवी लागत नाही. हे ऐकल्याबरोबर ज्यांचा गारा काळा झाला होता त्यांनी तो पोटाशी धरला, आणि ज्यांचा पांढरा राहिला होता त्या तक्रार करू लागल्या. एक बाई बशीरमियांना म्हणाली, "मिया, जराशी इकडंही गळू द्या ना!" त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले.

मी रकाना सतरामध्ये 'होय' लिहिलं आणि खाली सही केली. पंधरा दिवसांनी कचेरीतून विचारणा आली: चिखलाची लांबी किती होती? 'पाच हात' कळवलं. ती फुटांत कळवावी, असं उत्तर आलं. कळवली. मग अनुदान मंजूर झालं, आणि नवं सील टाकलेली जीप वाचनालयाच्या दारात आली.

आषाढात पहिली फेरी निघाली. बशीरमिया म्हणाले, पहिल्या वेळी मीच चालवीन, आणि अकोल्याहून मुद्दाम आले. काळी माती खरोखर फुगली होती. दोनदा जीप घसरून आडवी फिरली, एकदा मी डोळे मिटले, पण ती कुठं थांबली नाही, आणि मीही तिला थांबा म्हटलं नाही. कळमखेडला पोचलो तेव्हा अकराही बायका शाळेच्या ओसरीवर उभ्या होत्या. खुशालरावांनी छोटंसं भाषण केलं. मी पेटी उघडली.

पंचफुलाबाईंनी एक पुस्तक काढलं, नाव बोट न लावता वाचलं, खाली ठेवलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं.

"मास्तर, हे तं सारं वाचलेलं हाये. उनायात हेच तं आलं होतं."

चिखलाच्या धांदलीत मी चैत्रातलीच पेटी पुन्हा भरून आणली होती. खुशालराव माझ्याकडे पाहत होते, मी आभाळाकडे. बशीरमियांनी कोणाला काही न विचारता जीप परतीच्या वाटेला वळवून ठेवली.

"उद्या दुसरी आणतो," मी म्हणालो.

पंचफुलाबाईंनी चिखलानं बरबटलेल्या गाडीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. "आना मंग," त्या म्हणाल्या. "पन जाडी जाडी आना. पावसाया लांब असते."